भर दिवसा दिवे



पूर्वींच्या काळीं एखाद्या सावकाराचें दिवाळें निघालें म्हणजे तो आपल्या पेढीवर भर दिवसा दिवा लावून ठेवी, आणि येणाराजाणारा त्यावरून काय समजावयाचें तें समजे, असें जुनीं माणसें सांगत. ग्रीस देशांतील डायोजिनीस नांवाच्या तत्त्ववेत्त्याची आख्यायिकाही तुमच्यांपैकीं कित्येकांनीं वाचली असेल. तो भर दुपारीं कंदील हातीं घेऊन बाजारांतून हिंडे आणि आपण माणसाच्या शोधांत आहों असें विचारणारास सांगे. एकूण, दिवसा दिवा लावणें हें एक तर नादारीचें लक्षण, नाहीं तर विक्षिप्तपणाचें, अशी समजूत आपल्या मनांत फार दिवसांपासून रुजलेली आहे. म्हणूनच एखाद्या फटफटीचा पुढील दिवा उन्हांत जळतांना दिसला, कीं समोरून येणारा परोपकारी मनुष्य हाताचीं बोटें मिटून उघडून दाखवितो आणि दिवा चालू राहिल्याचें खुणेनें सुचवितो. ही खूण तुम्हीं सर्वांनीं पाहिली आहे. ती करणाराचा हेतु चांगला असतो, यांत शंका नाहीं. परंतु १ एप्रिल २०१७ पासून आपल्या देशांत तयार होणाऱ्या स्वयंचलित दुचाकींचा पुढील दिवा इंजिन सुरू होतांच आपोआप लागावा आणि इंजिन चालू असेपर्यंत तो मालवतां येऊं नये, असा नियम झालेला आहे. तेव्हां तो दिवा चुकून राहिलेला नसतो. तो कायद्यानें लाविलेला असतो. हा नियम आला कोठून, त्याच्या मुळाशीं विज्ञान कोणतें, आणि त्याविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात त्यांत तथ्य किती, याचा आज विचार करूं.

दिव्याचीं कामें दोन. एक, दुसऱ्या वस्तु आपणांस दाखविणें. दुसरें, आपणांस दुसऱ्यांना दाखविणें. घरांत आपण दिवा लावतों तो पहिल्या कामासाठीं. दुसऱ्या कामाचा विचार आपण सहसा करीत नाहीं. परंतु आपल्या खेड्यांतील गाडीवानास तो कोणी शिकवावा लागला नाहीं. रात्रीं बैलगाडीखालीं टांगलेल्या कंदिलाच्या उजेडानें बैलांस रस्ता दिसत नाहीं. बैल आपल्या संवयीनें चालत असतात आणि गाडीवान बहुधा डुलक्या घेत असतो. तो कंदील मागून येणाऱ्या मोटारीसाठीं असतो. समुद्रकांठच्या दीपगृहाचेंही तेंच. दिवसा मोटारीचा दिवा जळतो तो याच दुसऱ्या कामासाठीं. एवढें ध्यानांत आलें, म्हणजे 'उन्हांत दिव्याचा उजेड पडतो कोठें?' हा नेहमींचा प्रश्न उरत नाहीं. तो उजेड रस्त्यावर पडावयाचा नसतोच. तो समोरच्याच्या डोळ्यांत पडावयाचा असतो.

या नियमाची जन्मभूमि युरोपच्या उत्तरेकडील देशांत आहे, आणि ज्यांनीं भूगोल लक्ष देऊन वाचला आहे त्यांस त्याचें कारण चटकन् उमगेल. फिनलंडची राजधानी हेलसिंकी सुमारें ६० उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या २२ तारखेच्या सुमारास सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेस साडेतेवीस अंश गेलेला असतो. म्हणजे हेलसिंकी येथें त्या दिवशीं माध्यान्हींच्या सूर्याची क्षितिजापासून उंची किती? ९० मधून ६० वजा करा, त्यांतून आणखी साडेतेवीस वजा करा. उरले अवघे साडेसहा अंश. हाच हिशेब पुण्यास लावून पाहा. पुण्याचा अक्षांश साडेअठरा. तेथें त्याच दिवशीं दुपारीं सूर्य ४८ अंश वर असतो. आपल्याकडे सूर्य मावळण्यापूर्वीं सुमारें अर्धा तास जेवढा खालीं आलेला असतो, तेवढाच तो त्या देशांत भर दुपारीं असतो. दिवस सहा तासांपेक्षांही थोडा लहान. त्यांतही ढग, धुकें आणि बर्फ. ऊन पडलेंच तर तें वाहन हांकणाराच्या थेट डोळ्यांत शिरतें आणि झाडांच्या लांबच लांब सावल्या रस्त्यावर आडव्या पडतात. अशा उजेडांत करड्या रंगाची गाडी करड्या रस्त्यावर जवळजवळ विरून जाते.

म्हणून फिनलंडनें १९७२ सालीं हिवाळ्यांत गांवाबाहेरील रस्त्यांवर दिवसा दिवे लावण्याची सक्ती केली. दहा वर्षांनीं, १९८२ सालीं, ती उन्हाळ्यासही लागू झाली, आणि १९९७ पासून गांवांतील रस्तेही तिच्या कक्षेंत आले. शेजारच्या स्वीडननें असें टप्प्याटप्प्यानें जाणें पसंत केलें नाहीं. ३ सप्टेंबर १९६७ रोजीं पहांटे सबंध देशाची वाहतूक रस्त्याच्या डाव्या बाजूवरून उजव्या बाजूस नेणारें राष्ट्र तें हेंच. त्यानें १९७७ सालीं सर्व मोटारींस, सर्व रस्त्यांवर, बारमास दिवसा दिवे लावावयास सांगितलें. पुढें नॉर्वे, आइसलंड व डेन्मार्क हे देश १९८५ ते १९९० या अवधींत त्याच वाटेनें गेले. कॅनडानें मात्र मनुष्यस्वभाव ओळखून निराळी युक्ति काढली. मनुष्य विसरतो, यंत्र विसरत नाहीं. तेव्हां १ डिसेंबर १९८९ नंतर तयार होणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीचे दिवे दिवसा आपोआप लागलेच पाहिजेत, असें तेथें ठरलें. युरोपीय संघानेंही अखेर हाच मार्ग धरला. तेथें फेब्रुवारी २०११ पासून मोटारींच्या प्रत्येक नव्या नमुन्यास दिवसासाठीं म्हणून स्वतंत्र दिवे असावे लागतात. त्या दिव्यांची शक्तीही ठरलेली आहे: ती ४०० कँडेलाहून कमी नसावी आणि १२०० कँडेलाहून अधिक नसावी. या दोन्ही मर्यादा कां, तें पुढें येईल.

आतां डोळ्याकडे वळूं. कारण या विषयाचें खरें मर्म तेथें आहे. एखादी वस्तु आपणांस दिसते, ती ती उजळ आहे म्हणून नव्हे, तर ती आपल्या पार्श्वभूमीहून निराळी आहे म्हणून. काळ्या फळ्यावर पांढऱ्या खडूनें काढलेली रेघ वर्गाच्या शेवटच्या बांकावरूनही दिसते. तीच पांढऱ्या भिंतीवर काढली तर काढणारासही शोधावी लागेल. आपल्या जुन्या रस्त्यांच्या कडेस वडाचीं झाडें आहेत. चैत्रवैशाखाच्या उन्हांत त्यांच्या खालीं प्रकाशाची आणि सावलीची जाळी पसरलेली असते. लखलखीत उन्हांतून येणाऱ्या डोळ्यास त्या सावलींतील वस्तु क्षणभर दिसतच नाहींत. घराबाहेरून एकदम माजघरांत शिरल्यावर जें होतें तेंच येथें होतें. फरक इतकाच, कीं माजघरांत आपण थबकतों आणि रस्त्यावर गाडी धांवतच असते. त्या सावलींतून दिवा लावलेली गाडी येत असेल तर तिचा तो एक ठिपका तेवढा आधीं दिसतो.

दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. जें वाहन आपल्या समोरून आडवें जातें तें हलतांना दिसतें. परंतु जें नीट आपल्याच रोखानें येतें तें डोळ्यास हललेलें दिसत नाहीं. तें जागच्या जागीं केवळ मोठें होत जातें. किती मोठें होतें, याचा हिशेब प्रत्येकास करतां येईल. हात पूर्ण लांब करून अंगठा उभा धरा. त्याची रुंदी सुमारें २ सेंटिमीटर आणि डोळ्यापासूनचें अंतर सुमारें ६० सेंटिमीटर, म्हणजे रुंदीच्या तीसपट. फटफटीवर बसलेला मनुष्य समोरून साधारण ८० सेंटिमीटर रुंद दिसतो, असें धरूं. तो २०० मीटरांवर असतांना अंतर त्याच्या रुंदीच्या २५० पट झालें. म्हणजे तो तुमच्या अंगठ्याच्या जवळजवळ अष्टमांशाएवढा दिसला. १०० मीटरांवर तो पाव अंगठा होईल, ५० वर अर्धा, आणि २५ वर पुरता अंगठ्याएवढा. समजा, तो ताशीं ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदास २० मीटर या वेगानें येत आहे आणि तुम्ही स्थिर उभे आहां. अष्टमांशाचा पाव व्हावयास ५ सेकंद लागतील; पावाचा अर्धा व्हावयास अडीच; अर्ध्याचा पूर्ण व्हावयास सव्वा; आणि त्यानंतर तुमच्या हातीं उरेल तोही सव्वाच सेकंद. सावध होण्यास भरपूर वेळ असतो त्या पहिल्या पांच सेकंदांत डोळ्यास फरक जवळजवळ जाणवत नाहीं, आणि फरक ठळक जाणवूं लागतो तेव्हां वेळ संपत आलेला असतो.

हाच प्रसंग फटफटीवाल्याच्या बाजूनें पाहा. धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद गेला तर २० मीटर गेले. कोरड्या, चांगल्या रस्त्यावरही गाडी थांबावयास आणखी तीसपस्तीस मीटर हवेत. म्हणजे पन्नास मीटरांच्या आंत जो त्याच्या आडवा आला त्याला टाळणें त्याच्या हातीं राहत नाहीं. आपल्याकडे वाहनें डाव्या बाजूनें चालतात. त्यामुळें चौकांत उजवीकडे वळणारी मोटार समोरून येणाऱ्या फटफटीच्या वाटेंत आडवी जाते. मोटारवाला मागाहून शपथेवर सांगतो, 'मला ती दिसलीच नाहीं', आणि पुष्कळदां तो खरें बोलत असतो. त्यानें पाहिलें, पण जें अंगठ्याच्या अष्टमांशाएवढें होतें तें त्याच्या नजरेंतून गळलें. किंवा दिसलें, पण लहान म्हणून दूर वाटलें. मोठी वस्तु जवळ भासणें आणि लहान वस्तु दूर भासणें, हा डोळ्याचा जुनाच भ्रम आहे. एस. टी. येत असतांना जो आपली मोटार चौकांत थोपवून धरतो, तोच फटफटी येत असतांना ती पुढें दामटतो. जळता दिवा या भ्रमावर पूर्ण इलाज नव्हे, हें येथेंच सांगितलें पाहिजे. दिवा 'मी येथें आहें' एवढेंच सांगतो. 'मी किती वेगानें येत आहें' हें तो सांगत नाहीं.

दिवा लावला म्हणजे वस्तु उठून दिसतेच, असेंही सरसकट समजूं नका. दुसऱ्या महायुद्धांत, १९४३ च्या सुमारास, अमेरिकेच्या आरमारानें नेमका उलट प्रयोग केला. पाण्यावर आलेल्या पाणबुडीवर हल्ला करावयास निघालेलें विमान उजळ आकाशावर काळ्या ठिपक्यासारखें दुरूनच दिसे, आणि तें जवळ येईपर्यंत पाणबुडी बुडी मारून मोकळी होई. तेव्हां विमानाच्या पुढील अंगास दिवे बसवून त्यांचा उजेड मागील आकाशाच्या उजेडाशीं तंतोतंत जुळविण्यांत आला. चाचणींत असें आढळलें, कीं जें विमान एरव्हीं सुमारें १९ किलोमीटरांवरून दिसे, तेंच दिवे लागल्यावर पावणेतीन किलोमीटरांच्या आंत येईपर्यंत दिसेना! दिव्यानें विमान लपविलें. यावरून मघांच्या दोन मर्यादांचा उलगडा होतो. दिवा पार्श्वभूमीहून पुरेसा तेजस्वी नसेल तर तो कुचकामाचा; म्हणून खालची मर्यादा. तो फार प्रखर असेल तर समोरच्याचे डोळे दिपतील आणि दिव्याशेजारचें कांहींच त्याला दिसणार नाहीं; म्हणून वरची.

येथें कोणी म्हणेल, कीं हें सर्व उत्तरेकडील अंधाऱ्या देशांस ठीक आहे. आमच्याकडे सूर्य माथ्यावर आग ओततो, आम्हांस दिवसा दिवे कशाला? आक्षेप विचार करण्यासारखा आहे. निरनिराळ्या देशांतील अनुभव ज्यांनीं एकत्र करून पाहिला त्यांनाही उत्तरेकडे या उपायाचा लाभ अधिक दिसला. परंतु मलेशिया देश विषुववृत्ताला लागून आहे; तेथें ऊन आपल्याहून कमी नाहीं. त्या देशानें १९९२ सालीं मोटारसायकलींस दिवसा दिवा लावण्याची सक्ती केली, आणि पुढें झालेल्या अभ्यासांत, मोटारसायकल नजरेस न आल्यामुळें घडणारे अपघात सुमारें २९ टक्क्यांनीं कमी झाल्याचें आढळलें. सिंगापुरनें १९९५ सालीं तोच नियम केला. भारतांत २०२२ या एका वर्षांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं, आणि त्यांपैकीं ४४.५ टक्के दुचाकीवर बसलेलीं होतीं. आपल्याकडे हा नियम आधीं दुचाकींस कां लागू झाला, याचें उत्तर या आंकड्यांत आहे. इतर मोटारींस आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत दिवसा दिव्यांची सरसकट सक्ती नाहीं. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून, आणि एरव्हींही उजेड पुरेसा नसेल तेव्हां, दिवे लावलेच पाहिजेत आणि ते असे असावेत कीं १५५ मीटर पुढील माणूस व वाहन स्पष्ट दिसावें, असें तेथें सांगितलें आहे. 'एरव्हींही' हा शब्द लक्षांत ठेवण्याजोगा आहे. आषाढांत आंबोलीच्या घाटांत दुपारीं बारा वाजतां जें धुकें उतरतें, त्याला हा शब्द लागू पडतो.

मागील वर्षीं नववीच्या वर्गांत हा विषय निघाला तेव्हां एक विद्यार्थी उभा राहून म्हणाला, "सर, आमच्या बाबांनीं कारागिराकडून बटण बसवून घेतलें आहे. दिवसा दिव्यानें बॅटरी उतरते, असें ते म्हणतात." मीं विचारतांच वर्गांत आणखी सातआठ हात वर झाले. म्हणून हे चार शब्द पालकांसाठीं. हा दिवा इंजिन चालू असतांनाच जळतो, आणि त्यास लागणारी वीज इंजिनाबरोबर फिरणारें जनित्र पुरवितें. बॅटरी उतरण्याची भीति निराधार आहे. पेट्रोल थोडें अधिक लागतें हें खरें, कारण वीज फुकट उत्पन्न होत नाहीं. परंतु साध्या दुचाकीचा दिवा म्हणजे सुमारें ३५ वॉट. इंजिनाची शक्ति हजारों वॉट. या हिशेबानें महिनाअखेर जें वांचतें त्याची किंमत आपण कशाशीं लावणार? सकाळीं साडेदहाच्या सुमारास आमच्या फाटकासमोरच्या वळणावर या गाड्या एकामागून एक येतात; कोणाच्या मागें दप्तर पाठीस लावलेला मुलगा असतो, कोणाच्या पुढें टाकीवर धाकटी बहीण. त्याच वळणावर उजवीकडे वळणाऱ्या मोटारीही असतात. ज्यांनीं बटण बसविलें आहे त्यांनीं तें काढून टाकावें, अशी माझी आग्रहाची विनंति आहे.

हा उपाय सर्वांना सर्वत्र पटला आहे असें मात्र नाहीं. ऑस्ट्रियानें नोव्हेंबर २००५ मध्यें मोटारींस दिवसा दिव्यांची सक्ती केली आणि १ जानेवारी २००८ रोजीं ती उठविली. तेथें आक्षेप असा होता, कीं सर्व मोटारी दिवे लावून निघाल्या तर ज्यांच्याजवळ दिवा नाहीं असे पादचारी आणि सायकलस्वार डोळ्यांआड होतात. अमेरिकेच्या सरकारी वाहतूक-सुरक्षा खात्यानें २००८ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत एकंदरींत म्हणण्यासारखा लाभ आढळला नाहीं, आणि तेथें अशी देशव्यापी सक्ती नाहीं. उलट नॉर्वेंतील अभ्यासकांनीं अनेक देशांतील आंकडे तपासून, दिवसा दोन वाहनांत घडणारे अपघात शेंकडा ५ ते १० कमी होतात, असा अंदाज काढला. मला स्वतःला असें वाटतें, कीं आपल्या रस्त्यावर जेथें एकाच वेळीं ट्रक, रिक्षा, सायकल, बैलगाडी आणि डोक्यावर भारा घेतलेली बाई चालत असते, तेथें ऑस्ट्रियाचा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. दिव्यानें उठून दिसणें हा अधिकार रस्त्यावर जे दुबळे आहेत त्यांस आधीं मिळावा. फटफटी ही त्या दुबळ्यांत मोडते. मोठी मोटार मोडत नाहीं. सगळ्यांनींच दिवे लावले तर फटफटीचा एकुलता दिवा त्या गर्दींत पुन्हां हरवेल, ही शंकाही कित्येक जाणत्यांनीं बोलून दाखविली आहे. तेव्हां मोटारींनीं पाऊस, धुकें, घाट आणि बोगदा येथें दिवे अवश्य लावावेत. कोरड्या, लख्ख दुपारीं त्यांच्यावर सक्ती करण्याची घाई नको.

आणखी दोन गोष्टी. दिवसा लावावयाचा तो खालचा झोत, म्हणजे ज्याला चालक डिपर म्हणतात तो. वरचा झोत नव्हे. आणि ज्या नव्या मोटारींस दिवसाचे स्वतंत्र दिवे आहेत त्यांच्या मालकांनीं दिवेलागणीच्या वेळीं विशेष जपावें. पुढें दिवे जळत असतात, आंतील तबकडीही उजळलेली असते, त्यामुळें आपले सर्व दिवे लागले आहेत असा चालकाचा समज होतो. आणि पुष्कळ गाड्यांत त्या वेळीं मागचे तांबडे दिवे लागलेलेच नसतात. मागून येणारास ती गाडी अंधारांत अंधारासारखीच दिसते.

हें सर्व पडताळून पाहावयाचें असेल तर सुटींत एक प्रयोग करा. रस्त्यावर नव्हे, क्रीडांगणावर. आणि सूर्याकडे थेट पाहूं नका. दोघां मित्रांस मैदानाच्या टोंकाच्या झाडाखालीं सावलींत उभे करा. एकाच्या हातांत पेटलेली विजेरी तुमच्या रोखानें धरलेली, दुसऱ्याचे हात रिकामे. पावलें मोजीत मागें जा आणि प्रत्येक पंचवीस पावलांवर एकदम वळून पाहा, कीं आधीं कोण दिसतो. मग त्या दोघांस उन्हांत, पांढऱ्या भिंतीसमोर उभे करून तेंच पुन्हां करा. दोन्ही वेळचे आंकडे वहींत शेजारीं शेजारीं मांडा. भिंतीसमोर विजेरीचा उपयोग फारसा दिसणार नाहीं. त्याचें कारण वर पाणबुडीच्या गोष्टींत आलेलें आहे. तुमचें एक पाऊल किती सेंटिमीटर भरतें तें आधीं मोजून ठेवा, म्हणजे नियमांतले १५५ मीटर आपल्या मैदानावर कोठपर्यंत जातात तेंही कळेल.